‘कर’ म्हणजे काय? कोडे, कोश आणि अर्थ

शब्द आणि अर्थ यांच्या नात्याबद्दल आपण बोलतो आहोत. आज एकच शब्द घेऊ, दोन अक्षरांचा: ‘कर’.

समजा, रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं आपल्यापुढे आहे. आडवा शब्द, दोन अक्षरी, सूत्र ‘हात’. आपण काय लिहिणार? ‘कर’ चालेल, ‘हस्त’ चालेल, ‘पाणि’ आणि ‘भुज’ही चालतील. चारही उत्तरं बरोबर, चौकोन मात्र दोनच. मग आपण उभ्या शब्दाकडे वळतो. त्याचं सूत्र ‘सूर्य’, उत्तर ‘रवी’. आणि त्यातला ‘र’ आपल्या दुसऱ्या चौकोनात येतो. झालं, ‘कर’ ठरला.

कोडं अर्थाकडून शब्दाकडे जातं, कोश शब्दाकडून अर्थांकडे. कोशात ‘कर’ पाहिला तर हात आहे (करकमल), किरण आहे (हिमकर, म्हणजे थंड किरणांचा चंद्र), सरकारात भरायचा पैसा आहे (आयकर), आणि ‘करणारा’ही आहे (हितकर). ‘दिनकर’मधला ‘कर’ किरण वाटतो, पण तो दिवस करणारा आहे. शिवाय ‘अभ्यास कर’मधलं क्रियापद आणि पुणेकर-सातारकरांचा प्रत्यय आहेच.

यातला खरा अर्थ कोणता? भर्तृहरीने ‘वाक्यपदीया’त हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने हाताळला. शब्दाचे अनेक अर्थ असतील तर त्यातला एक कशावरून ठरतो, याची त्याने यादीच दिली. प्रकरण, शेजारी आलेला दुसरा शब्द, देश, काल, व्यक्ती म्हणजे व्याकरणातलं लिंग, अशा गोष्टी तीत आहेत. कोड्यातला उभा शब्द काय करतो? शेजाऱ्याचंच काम करतो, फक्त अर्थाऐवजी अक्षराने.

यादीतल्या ‘देश’ या कलमाचा धडा मात्र आम्हाला भर्तृहरीने नाही, एका विद्यार्थ्याने दिला. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. वर्गात ‘कर’चे अर्थ विचारले. विदर्भातून आलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, “सर, पोळ्याची कर.” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि “असा अर्थ नाही, बसा,” म्हणालो. घरी येऊन कोश उघडला, तर अर्थ होता! कर, स्त्रीलिंगी, सणाचा दुसरा दिवस. संक्रांतीची कर, होळीची कर. भरतो तो कर, पाळतो ती कर. नुसत्या लिंगावरून दोन्ही वेगळे झाले असते, पण आम्ही ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. तो मुलगा त्यानंतर वर्षभर फारसा बोलला नाही, हे मात्र आम्हाला दुरुस्त करता आलं नाही.

आता कुणी म्हणेल, शेवटी कोशानेच निकाल दिला ना? नाही. तो अर्थ कोशात नसता, तरी त्या मुलाच्या घरी पोळ्याची कर असतीच. लोक बोलतात, म्हणून कोश लिहितो. कोश साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. आणि साक्षीदाराने सगळंच पाहिलेलं नसतं. कोड्यात एका चौकोनात एकच अक्षर बसतं, म्हणून तिथे एकच उत्तर बरोबर. बोलण्यात असा चौकोन नसतो. तेव्हा ‘असा अर्थ नाही’ म्हणण्याआधी आपण विचारावं, “तुमच्याकडे हा शब्द कसा वापरतात?”

‘व्यक्ती’बद्दल, म्हणजे लिंगाबद्दल, पुढच्या वेळी सविस्तर बोलू.