कचेरीतील संगणक आणि पुनरारंभाचा अधिकार

कोलकात्यातील बिनय-बादल-दिनेश बागेच्या, म्हणजे जुन्या डलहौसी चौकाच्या आसपास कचेऱ्यांची दाटी आहे. तेथील कारकुनाच्या बुधवारच्या सकाळचा संबंध अमेरिकेतील मंगळवाराशी पोहोचतो. विंडोज या प्रणालीच्या सुरक्षाविषयक दुरुस्त्या मायक्रोसॉफ्ट कंपनी २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी प्रसृत करते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात, आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा. यंत्रे रात्री बंद ठेवणाऱ्या कचेरीत दुरुस्ती उतरते ती दुसऱ्या दिवशी, ऐन कामाच्या वेळी. तक्ता अर्धा भरून झालेला असतो, आणि पडद्यावर सूचना उमटते की यंत्र लवकरच बंद होऊन पुन्हा सुरू होईल.

हा पुनरारंभ टाळता का येत नाही? कारकून ज्या खतावणीत लिहीत आहे ती त्याच्या हाताखालून काढून तेथे नवी ठेवता येत नाही. तद्वत् वापरात असलेली फाइल विंडोज सहसा बदलू देत नाही. नवी फाइल बाजूला ठेवली जाते, आणि यंत्र पुन्हा सुरू होताना, इतर कामे जागी होण्यापूर्वी, तिची अदलाबदल होते. तोवर यंत्राच्या स्मृतीत जुनाच सदोष भाग चालू असतो. दुरुस्ती उतरली म्हणजे लागू झाली असे नव्हे, ही गोष्ट जाणत्यांच्याही ध्यानातून निसटते.

कचेरीत कारकुनाला संगणकाचे सर्वाधिकार देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्याच्या हातून चुकून शिरलेल्या उपद्रवी प्रोग्रॅमला मग फार दूरवर हातपाय पसरता येत नाहीत. परंतु विंडोज एक्सपीच्या काळात यातून एक विपरीत प्रकार उद्भवला. 'नंतर सुरू करा' हे बटण सर्वाधिकाऱ्यालाच दाबता येई. सामान्य वापरकर्त्यापुढे पाच मिनिटांची उलटी मोजणी चाले. ज्याचे काम बुडायचे, त्याच्याच हाती काही नसे! यावर तोड म्हणून व्यवस्थापक एक धोरण लावीत: कोणी लॉग-इन असेतोवर यंत्राने आपण होऊन पुन्हा सुरू होऊ नये. हेतू दयाळू होता. पण सायंकाळी हावड्याची वा सियालदहची लोकल गाठण्याच्या घाईत असलेला मनुष्य लॉग-आउट करीत नाही. पडदा बंद करून निघतो. मग आठवडेच्या आठवडे पुनरारंभ होत नाही.

अशा दिरंगाईची किंमत २०१७ मध्ये दिसली. १४ मार्चला एका गंभीर छिद्रावरची दुरुस्ती आली; १२ मे रोजी त्याच छिद्रातून 'वॉनाक्राय' हा खंडणीखोर प्रोग्रॅम जगभर पसरला. पश्चिम बंगालमध्ये पश्चिम मेदिनीपूर जिल्ह्यातील राज्य वीज वितरण कंपनीच्या काही कार्यालयांतही त्याची झळ पोहोचली. दुरुस्ती लागू झालेल्या यंत्रांत त्या छिद्रातून त्याला शिरता येत नव्हते.

पुढे निघालेला मार्ग मधला आहे. २०१६ पासून विंडोजमध्ये 'कामाचे तास' ठरविता येतात. मूळ मांडणी सकाळी आठ ते सायंकाळी पाच अशी आहे. दहाला उघडून सातला मिटणाऱ्या कचेरीत ती व्यवस्थापकाने बदलावयास हवी, नाहीतर सहा वाजता काम करणारा फसलाच. त्याखेरीज अंतिम मुदत घालता येते आणि तिच्यासोबत सवलतीचे काही दिवसही. दुर्गापूजेच्या सुटीत बंद राहिलेल्या संगणकाची मुदत सुटीतच संपून जाते. सवलत नसेल तर कचेरी उघडताच तो कारकुनाच्या अंगावर पुनरारंभ लादील.

तथापि सर्व यंत्रांवर एकाच वेळी बदल उतरविणे हेही धोक्याचे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा प्रोग्रॅमची सदोष फाइल पोहोचली, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लक्ष विंडोज यंत्रे कोलमडली. त्या दिवशी हैदराबादहून कोलकात्यास निघालेल्या एका विमानप्रवाशाला प्रवेशपत्र चक्क हाताने लिहून मिळाले. म्हणून दक्ष व्यवस्थापक दुरुस्ती प्रथम मोजक्या यंत्रांवर चालवून पाहतो, दोन-चार दिवस वाट पाहतो, आणि मगच उरलेल्या टेबलांसाठी मुदतीची तारीख घालतो.