विश्लेषण : स्टेशन वॅगनच्या चर्चा जोरात, मग मोटारी का येत नाहीत?

नव्या मोटारींची चाहूल लागली की मोटारप्रेमींच्या गप्पांत एक प्रश्न हमखास निघतो, ‘हिची वॅगन येणार का?’ मग इंजिन कोणते, ताकद किती, किंमत किती, यांचे अंदाज बांधले जातात. स्कोडाने ‘ऑक्टाव्हिया आरएस’ भारतात पुन्हा आणली तेव्हा आणि ‘टाटा सिएरा’ परतली तेव्हाही हेच घडले. मात्र हे अंदाज ज्या गोष्टींवर बेतलेले असतात, त्यापेक्षा वेगळ्याच गोष्टींवर कंपन्यांचे निर्णय ठरतात. ते कसे, याविषयी…

स्टेशन वॅगन म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ‘वॅगन’ म्हटले की ‘वॅगनआर’ आठवते. पण ती उंच बांध्याची हॅचबॅक आहे. स्टेशन वॅगन म्हणजे सेडान मोटारच, फक्त तिचे छत मागच्या टोकापर्यंत सरळ नेलेले असते. वेगळी डिकी नसते. मागचा दरवाजा वर उघडला की मागच्या सीटपर्यंतची सगळी जागा सामानासाठी मोकळी. रेल्वे स्थानकावरून प्रवासी आणि त्यांचे सामान नेणाऱ्या गाड्यांवरून अमेरिकेत हे नाव रूढ झाले. ब्रिटनमध्ये तिला ‘इस्टेट’ म्हणतात, जर्मनीत ‘कोम्बी’. ऑडी तिला ‘अवांत’ म्हणते, बीएमडब्ल्यू ‘टूरिंग’.

चाहत्यांना ती आवडते याला कारण आहे. एसयूव्हीएवढे सामान मावते, पण गाडी जमिनीलगत राहते. वळणावर कमी झुकते, वाऱ्याचा विरोध कमी, साहजिकच इंधनही तुलनेने कमी लागते.

अंदाज बांधले कसे जातात?

पुढच्या टोकापासून मागच्या दरवाजापर्यंत वॅगन आणि सेडान जवळपास सारख्याच असतात. त्यामुळे सेडानचे इंजिन कळले की वॅगनचे कळले, असा पहिला ठोकताळा. किमतीचेही तसेच. बीएमडब्ल्यूने २०२४ मध्ये नवी ‘एम५’ आणली, तेव्हा अमेरिकेत सेडानची सुरुवातीची किंमत १ लाख १९ हजार ५०० डॉलर होती आणि टूरिंगची १ लाख २१ हजार ५००. फरक अवघा दोन हजारांचा. इंजिन दोन्हींत तेच, ४.४ लिटरचे व्ही८ आणि जोडीला विजेची मोटर, एकूण ७१७ अश्वशक्ती.

दुसरा आधार म्हणजे रस्त्यावर दिसणाऱ्या, नक्षीदार वेष्टनात लपेटलेल्या चाचणी गाड्या. वेष्टनाने बारकावे लपतात, पण छताची रेषा लपत नाही. त्यामुळे गाडी वॅगन आहे हे बरेच आधी कळते. बाजारात ती कोणत्या देशात येणार, हे मात्र त्यातून कळत नाही.

मग अंदाज फसतात कुठे?

ऑडीचे उदाहरण ताजे आहे. सम आकडे विजेवरच्या मोटारींना आणि विषम आकडे इंजिनाच्या मोटारींना, असे धोरण कंपनीने २०२३ मध्ये सांगितले. त्यानुसार २०२४ मध्ये ‘ए४’ची जागा ‘ए५’ने घेतली. साहजिकच इंजिनाची ‘ए६’ आता ‘ए७’ होणार आणि गाजलेली ‘आरएस६ अवांत’ वेगळ्या नावाने येणार, असे आडाखे बांधले गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीने हे धोरणच मागे घेतले. मार्चमध्ये इंजिनाची नवी वॅगन सादर झाली, ती ‘ए६ अवांत’ याच नावाने.

म्हणजे अंदाज कच्चे नव्हते. कंपनीने स्वतः सांगितलेल्या गोष्टींवरच ते आधारलेले होते. पण नाव, किंमत, देश या गोष्टी कंपनी शेवटच्या टप्प्यातही बदलू शकते. इंजिन मात्र वर्षानुवर्षे आधी ठरलेले असते. चाहत्यांचे इंजिनाचे अंदाज बरोबर येतात आणि बाजारपेठेचे चुकतात, ते यामुळेच.

अमेरिकेत वारे कसे फिरले?

एकेकाळी अमेरिकी कुटुंबाची गाडी म्हणजे स्टेशन वॅगन. १९७५च्या कायद्याने तिथे इंधन कार्यक्षमतेचे बंधन आले. मोटारींसाठी निकष कडक होते, हलक्या ट्रकसाठी सैल. मिनीव्हॅन आणि एसयूव्ही हलक्या ट्रकमध्ये मोडल्या, वॅगन मोटारींत राहिली. १९८३ अखेर क्रायस्लरची मिनीव्हॅन आली, पुढे एसयूव्हींची लाट आली. ब्यूइक रोडमास्टर ही भल्यामोठ्या वॅगनची शेवटची आठवण १९९६ मध्ये बंद झाली.

ऑडीची ‘आरएस६ अवांत’ युरोपात अनेक वर्षे विकली जात होती, पण अमेरिकेत तिची घोषणा झाली ती २०१९ मध्ये. ‘एम५’च्या दोन जुन्या पिढ्यांतही टूरिंग होती, ती अमेरिकेत कधीच गेली नाही. २०२४ची टूरिंग तिथे गेलेली पहिली. चाहत्यांचा हा विजयच. पण या दोन्ही मोटारी लाखभर डॉलरपुढच्या आहेत. अशा गाडीवर नफा मोठा असतो, त्यामुळे थोड्या संख्येतही कंपनीला परवडते. मध्यमवर्गाला परवडणारी वॅगन तिथे परतलेली नाही. उलट वॅगनचा वारसा सांगणारी ‘सुबारू आउटबॅक’ २०२५ मध्ये सादर झालेल्या नव्या रूपात सरळ एसयूव्हीसारखी चौकोनी झाली.

भारतात वॅगन आल्याच नाहीत का?

आल्या आणि गेल्या. पुण्यात तयार झालेली ‘टाटा इस्टेट’ १९९२ मध्ये आली. ‘सिएरा’ आणि ती, दोघी एकाच पिकअपच्या सांगाड्यावर बेतलेल्या. पुढे मारुतीची ‘बलेनो अल्तुरा’, ओपेलची ‘कोर्सा स्विंग’, स्कोडाची ‘ऑक्टाव्हिया कोम्बी’ अशा गाड्या येऊन गेल्या. २००४ मध्ये टाटांनी ‘इंडिगो मरीना’ आणली. एकीनेही बाजारात मूळ धरले नाही.

नंतरच्या प्रयत्नांचा रोख श्रीमंत ग्राहकांकडे होता. २०१५ मध्ये ऑडीने ‘आरएस६ अवांत’ १ कोटी ३५ लाखांना, २०१७ मध्ये व्होल्व्होने ‘व्ही९० क्रॉस कंट्री’ ६० लाखांना आणि २०१८ मध्ये मर्सिडीजने ‘ई-क्लास ऑल टेरेन’ ७५ लाखांना आणली. चाहत्यांनी कौतुक केले, ग्राहक एसयूव्हीकडे गेले.

त्या का टिकल्या नाहीत?

पहिले कारण चार मीटरची रेषा. २००६च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ वरून १६ टक्के झाले. वॅगनचा सगळा फायदा तिच्या लांबीत आणि आपल्याकडे लांबीवरच कर वाढतो. इंडिगोच्या घरातच याचा पुरावा मिळतो. २००८ मध्ये टाटांनी त्याच सेडानची शेपटी कापून चार मीटरच्या आत बसणारी ‘इंडिगो सीएस’ काढली. आखूड सीएस चालली, लांब मरीना विस्मरणात गेली.

पण दोष एकट्या कराचा नाही. २०१७ नंतर मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी व उपकर मिळून ५० टक्के आणि १५०० सीसीपर्यंतच्या मध्यम मोटारींवर ४५ टक्के कर होता. म्हणजे अशा वॅगनला थोडी सवलतच होती, तरीही कोणी ती बनवली नाही. खड्डे, गतिरोधक, पावसाळ्यात तुंबणारे रस्ते यांमुळे ग्राहकाला उंच गाडी हवी असते. उंचावर बसण्यात रुबाबही वाटतो. शिवाय लांबलचक मागची बाजू आपल्याकडे रुग्णवाहिकेची किंवा मालवाहू गाडीची वाटते. सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवर १८ आणि इंजिनाच्या बाकी मोटारींवर ४० टक्के जीएसटी झाल्याने तो जुना फरकही उरला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘सिएरा’ हे नाव परतले ते एसयूव्ही म्हणून, ११ लाख ४९ हजारांपासून. तिच्या भावंडाचे, ‘इस्टेट’चे नाव मात्र अजून इतिहासातच आहे.

एखादी आलीच तर किंमत किती?

चाहत्यांचे सर्वांत मोठे गणित इथे चुकते. परदेशातल्या किमतीचे रुपयांत रूपांतर करून भागत नाही. ४० हजार डॉलरपेक्षा महाग, पूर्ण तयार स्वरूपात आयात होणाऱ्या मोटारीवर एकूण ११० टक्के आयात शुल्क धरा. १०० रुपयांची गाडी २१० ची झाली. त्यावर ४० टक्के जीएसटी, म्हणजे २९४. कंपनी आणि विक्रेत्याचा नफा वेगळाच. या हिशेबाने ६० लाखांची वॅगन पावणेदोन कोटींच्या पुढे जाते. त्यावर नोंदणीच्या वेळचा राज्याचा एकरकमी कर. महाराष्ट्रात त्याची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख रुपये झाली आहे.

मग आशेला जागा आहे का?

थोडी आहे. परदेशी निकष पूर्ण केलेल्या मोटारी वर्षाला २,५०० पर्यंत आणायच्या असतील, तर भारतात नव्याने चाचणी-प्रमाणन करावे लागत नाही. ही सवलत २०१८ पासून आहे. ‘ऑक्टाव्हिया आरएस’ २०२५ मध्ये पूर्ण तयार स्वरूपात आयात झाली, फक्त १०० गाड्या, किंमत ४९ लाख ९९ हजार. सगळ्या लगेच संपल्या. युरोपात हीच गाडी, हेच २ लिटरचे इंजिन कोम्बीच्या रूपातही मिळते. इथे कंपनीने कोम्बी निवडली नाही. शंभरच गाड्या विकायच्या, तर खात्रीचे रूप आधी आणायचे, हा साधा व्यापारी विचार.

मागणी दिसली की कंपन्या वळतात, याचे उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. व्होल्व्होने २०२३ मध्ये तिथे वॅगनची विक्री थांबवली आणि दुसऱ्याच वर्षी ‘व्ही६०’ व ‘व्ही९०’ पुन्हा विक्रीला ठेवल्या. पण तिथे वॅगन नव्या विकत घेणारे ग्राहक आहेत. आपल्याकडचे बरेच चाहते ‘आली तर सेकंडहँड घेऊ’ म्हणणारे. कंपनीच्या वहीत नोंद होते ती पहिल्या खरेदीची.

म्हणून नवी मोटार घ्यायला निघालेल्या वाचकाने अफवेतल्या वॅगनसाठी थांबण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. कंपनीने भारतातील किंमत जाहीर केली आहे का? नोंदणी अधिकृत विक्रेत्याकडे सुरू आहे का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर ती गाडी सध्या गप्पांतच आहे. खरोखर वॅगनच हवी असेल, तर विक्रेत्याकडे लेखी मागणी नोंदवणे हा चर्चेपेक्षा उपयोगी मार्ग. शंभर गाड्या संपल्या हे कंपनीने मोजले. शंभर जणांनी कोम्बी मागितली, तर तेही मोजले जाईल.