भ्यालेला वाघ आणि भिवविणारा वाघ

पुढील प्रसंग कोणत्याही सुशिक्षित घरीं घडण्यासारखा आहे. चंद्रपूरचें एक एकत्र कुटुंब सुटींत ताडोबाचें अरण्य पाहून आलें. शाळा उघडण्यापूर्वीं धाकट्या मुलीस त्या सहलीवर इंग्रजी निबंध लिहावयाचा होता. काकांनीं वही उघडली, तों पहिलेंच वाक्य: 'वुई सॉ अ फ्राइटन्ड टायगर.' त्यांनीं त्याचा अर्थ मराठींत सांगतांच आजी म्हणाल्या, "अग, भ्यालेला तो वाघ होता, कीं तुम्ही सगळीं?" घर हंसलें, मुलगी हिरमुसली. पण आजींनीं नकळत व्याकरणाच्या वर्मावरच बोट ठेविलें होतें.

धातूपासून बनलेल्या विशेषणांस आपण धातुसाधित विशेषणें म्हणतों. मराठींत 'णारा' आणि 'लेला' या प्रत्ययांनीं होणारीं रूपें त्यांत ठळक होत. भिवविणारा वाघ तो 'फ्राइटनिंग', भ्यालेला वाघ तो 'फ्राइटन्ड'. जो परिणाम घडवितो त्यास 'इंग', ज्याच्यावर तो घडतो त्यास 'एड', हें सूत्र ध्यानांत ठेवावें. 'आय अ‍ॅम बोअरिंग' असें म्हणणारा मुलगा आपण कंटाळलों असें सांगूं पाहतो. ऐकणारा मात्र 'मी कंटाळवाणा आहें' असा अर्थ घेतो.

येथें एक खळगा आहे, तोही सांगितला पाहिजे. 'बसलेला म्हातारा', 'झोपलेलें मूल' यांत मराठीनें 'लेला' घातला; कारण आपल्या दृष्टीनें बसण्याची वा निजण्याची क्रिया होऊन गेली. इंग्रजी त्या वेळीं चालूं असलेल्या स्थितीकडे पाहते आणि 'सिटिंग', 'स्लीपिंग' म्हणते. उलट 'पडलेलें झाड' हें तिच्याही दृष्टीनें पडून चुकलेलेंच, म्हणून 'फॉलन ट्री'. तात्पर्य, प्रत्ययास प्रत्यय लावून भाषांतर करूं नये, अर्थ पाहावा.

दुसरें प्रकरण जर-तरचें. चंद्रपूरहून मूल, सावलीवरून गडचिरोलीस जातांना वैनगंगेचा पूल लागतो, तोच उदाहरणास घेऊं. 'नदीला पूर येईल, तर बस थांबेल', या वाक्याच्या दोन्ही अंगांस आपण भविष्यकाळ देतों. इंग्रजींत असल्या अटीस वर्तमानकाळ लागतो: 'इफ द रिव्हर रायझेस, द बस विल स्टॉप.' आतां, 'पूल नसता, तर आम्ही नावेनें गेलों असतों.' येथेंही मराठीचीं दोन्ही पारडीं सारखीं. म्हणून आपलीं मुलें 'वुड' हा शब्द दोहोंकडे घालतात आणि चुकतात. 'इफ'च्या बाजूस तो नको. शिवाय आपलें हें एकच वाक्य आजच्या कल्पनेस चालतें आणि कालच्या हुकलेल्या गोष्टीसही. इंग्रजी दोन्ही निराळीं ठेविते: आजच्यास 'इफ देअर वेअर नो ब्रिज, वुई वुड गो बाय बोट', कालच्यास 'इफ देअर हॅड बीन नो ब्रिज, वुई वुड हॅव गॉन बाय बोट'.

हें सारें परीक्षेपुरतें आहे, असें कोणी म्हणेल. तसें नाहीं. आपल्या भोंवतालच्या वनांचीं इंग्रजी नांवेंच धातुसाधित आहेत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमांत 'रिझर्व्हड् फॉरेस्ट' आणि 'प्रोटेक्टेड फॉरेस्ट', म्हणजे राखीव वन आणि संरक्षित वन, असे दोन वर्ग आहेत. 'एड' दिसला कीं विचारावें: हें कोणीं केलें? उत्तर असें कीं, सरकारनें अधिसूचना काढून केलें. वन आपोआप राखीव होत नाहीं.

या दोन वर्गांतील भेद एका अटवाचक शब्दावर टांगलेला आहे: 'अनलेस'. राखीव वनांत परवानगी नसेल तर गुरें चारणें, लांकूड तोडणें निषिद्ध. संरक्षित वनांत मनाई नसेल तर मोकळीक. 'अनलेस'मध्यें नकार आधींच भरलेला असतो. त्यास आणखी 'नॉट' जोडला, तर अर्थ उलटा होतो आणि अर्ज वाचणाऱ्यास परवानगी व मनाई यांत घोटाळा पडतो.

पुढें २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. त्यांत वनांत वस्ती करून राहणाऱ्या अनुसूचित जमातींस 'फॉरेस्ट ड्वेलिंग' हें विशेषण लाविलें आहे. हा 'इंग' फार मोलाचा आहे. माणसें येथें कर्तीं आहेत. तीं वनांत राहतात, त्यावर जगतात. इतर पारंपरिक वननिवासी कुटुंबांस मात्र अट आहे: १३ डिसेंबर २००५ पूर्वीं निदान तीन पिढ्यांचें वास्तव्य हवें, आणि पिढी म्हणजे २५ वर्षें. १९८२ सालीं चंद्रपूरपासून निराळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवास २००९ सालीं याच कायद्यानें सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. ज्या वनास कागदावर 'एड' लागलेला होता, त्यावर 'इंग'वाल्यांचा हक्क मान्य झाला, असें व्याकरणाच्या भाषेंत म्हणतां येईल.

म्हणून सुशिक्षित घरांस एक विनंति आहे. कोणी खेडवळ मनुष्य इंग्रजी कागद घेऊन दारीं आला, तर घाईनें सारांश सांगूं नये. प्रत्येक 'एड'पाशीं 'कोणीं केलें?' आणि प्रत्येक 'इंग'पाशीं 'कोण करतो?' असें विचारावें. 'इफ' व 'अनलेस' यांखालीं रेघ ओढून अट काय तें निश्चित करावें. आपण एक प्रत्यय चुकीचा वाचला, तर त्याचा एक हंगाम बुडूं शकतो.

असो. त्या मुलीनें संध्याकाळीं वही पुन्हा पुढें केली. 'वुई सॉ अ फ्राइटनिंग टायगर. इफ ही हॅड लुक्ट अ‍ॅट अस, वुई वुड हॅव क्राइड.' काकांनीं अर्थ सांगितला. आजी म्हणाल्या, "हां, आतां वाघ वाघासारखा झाला."