बहुभुजांतून साकारणारी त्रिमित आकृती

संगणकाच्या पडद्यावर दिसणारी इमारत, यंत्राचा सुटा भाग किंवा चित्रपटातील प्राणी वरकरणी भरीव व गुळगुळीत भासतो. बहुतेक वेळा ती असंख्य लहान सपाट तुकड्यांची जोडणी असते. या तुकड्यांना बहुभुज म्हणतात. बहुभुज ओढणे, कापणे व सांधणे ही कामे करणारी साधने हाताळता आली, म्हणजे त्रिमित रचनेची निम्मी विद्या साध्य झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

शिरोबिंदू, कडा आणि पृष्ठ

साध्या ठोकळ्यास 8 शिरोबिंदू, 12 कडा व 6 पृष्ठे असतात. शिरोबिंदूंच्या संख्येतून कडांची संख्या वजा करून पृष्ठांची संख्या मिळविली, तर उत्तर 2 येते. आरपार भोक नसलेल्या बंदिस्त आकृतीस लागू पडणारा हा नियम गणितज्ञ ऑयलर यांच्या नावाने ओळखला जातो. चित्र उमटविताना संगणक प्रत्येक पृष्ठाचे त्रिकोण पाडतो. तिवई उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही, चार पायांचे टेबल मात्र डगमगते. त्याचप्रमाणे तीन बिंदू नेहमीच एका प्रतलात असतात, चार बिंदू असतीलच असे नाही.

साधनांचा उपयोग

‘ब्लेंडर’ या आज्ञावलीत तुळशीवृंदावनाची आकृती घडवावयाची आहे, असे समजू. प्रथम ठोकळा घ्यावा. ‘इनसेट’ या साधनाने वरच्या पृष्ठाच्या आत लहान चौकट आखावी. ही आतली चौकट ‘एक्स्ट्रूड’ या साधनाने खाली ढकलली, की मातीसाठी खळगा तयार होतो. आता आकृतीस 16 शिरोबिंदू, 28 कडा व 14 पृष्ठे झाली. ऑयलर यांचा नियम येथेही अबाधित राहतो. ‘लूप कट’ने ठोकळ्याभोवती आडवी रेघ पाडून मध्यभाग निमुळता करता येतो, ‘बेव्हल’ने तीक्ष्ण कडा बोथट होतात, ‘नाइफ’ने हवा तेथे छेद घेता येतो आणि ‘मर्ज’ने विलग बिंदू एकत्र सांधले जातात.

काटकसरीचे महत्त्व

पृष्ठे वाढविली की आकृती गुळगुळीत होते. या कामाची कॅटमुल व क्लार्क यांनी 1978 साली मांडलेली पद्धती आजही वापरात आहे. तीत प्रत्येक चौकोनाचे चार चौकोन होतात. ठोकळ्याची 6 पृष्ठे पहिल्या फेरीत 24, दुसऱ्या फेरीत 96 आणि सहाव्या फेरीअखेर 24,576 होतात. अशा रीतीने प्रत्येक फेरीत संगणकावरील भार चौपट होत जातो. म्हणून जेथे वळण आहे तेथेच बहुभुज खर्ची घालावेत.

दुसरी दक्षता आकृती बंदिस्त राखण्याची. त्रिमित मुद्रणयंत्रावर वस्तू तयार करावयाची असल्यास प्रत्येक कड नेमक्या दोन पृष्ठांमध्ये सामाईक असावी लागते. एखादे पृष्ठ गळले, तर वस्तूचे आत कोणते व बाहेर कोणते, याचा उलगडा यंत्रास होत नाही आणि वेळ व साहित्य वाया जाते.

सर्वांसाठी खुले साधन

1972 साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी फोक्सवॅगन मोटारीवर रेघा आखून, हाताने मापे घेऊन तिची बहुभुजाकृती संगणकात उतरविली. तेव्हा ही विद्या मोजक्या प्रयोगशाळांपुरती होती. ती सर्वांच्या आवाक्यात येण्यास ‘ब्लेंडर’चा मोठा हातभार लागला. नेदरलँड्समधील टोन रोसेंडाल हे तिचे जनक. 2002 साली ती विकणारी कंपनी बंद पडली, तेव्हा एक लाख युरो दिल्यास मूळ संहिता खुली करण्यास गुंतवणूकदारांनी संमती दिली. जगभरच्या वापरकर्त्यांनी सात आठवड्यांत ही रक्कम उभी केली आणि 13 ऑक्टोबर 2002 रोजी ती सर्वांसाठी खुली झाली. याच आज्ञावलीत तयार झालेल्या ‘फ्लो’ या चित्रपटास 2025 साली सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.

लोकांनी वर्गणी करून वाचविलेले हे साधन आज शाळेलाही विनामूल्य मिळू शकते. भूमितीच्या तासाला फळ्यावर काढलेला ठोकळा विद्यार्थ्याने पडद्यावर स्वतः फिरवून, कापून पाहिला, तर शिरोबिंदू, कडा व पृष्ठ हे शब्द केवळ पाठांतरापुरते उरणार नाहीत. आवश्यकता आहे ती एका संगणकाची आणि तो मुलांच्या हाती देणाऱ्या शिक्षकाची.