चार किलोंचे गणित : ताट आणि धावणे



आज पाठ्यपुस्तकातला धडा नाही, पण गणित मात्र चौथीचंच आहे.

गेल्या वर्षी क्रीडास्पर्धांच्या सरावाला मुलांबरोबर मैदानाची एक फेरी मारायला निघाले. अर्ध्यातच धाप लागली. पुढे गेलेली एक मुलगी मागे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही बसा, मी तुमचं पाणी आणते." तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, काळजी होती. म्हणूनच ते जास्त लागलं. त्याच महिन्यात रक्त तपासलं. उपाशीपोटी साखर ११२. ती १०० च्या आत हवी आणि १२६ पासून पुढे मधुमेह धरतात. म्हणजे मी उंबरठ्यावर उभी होते. वडिलांना मधुमेह आहे, त्यामुळे हा आकडा मला हलका घेता येणार नव्हता.

मग मी काय केलं? जे सगळे करतात तेच! रात्रीचं जेवण एकदम बंद केलं. आठवड्यात दोन किलो उतरले, मी खूश. पण सहाव्या दिवशी फळ्यावर लिहिताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढच्या आठवड्यात जेवायला लागले आणि ते दोन किलो जसेच्या तसे परत आले.

असं का होतं? आपलं शरीर थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. उपास केला की आधी हा साठा आणि ते पाणी जातं. काटा खाली येतो, चरबी मात्र बहुतेक तशीच राहते. म्हणून "आठवड्यात पाच किलो" अशी जाहिरात दिसली की समजावं, यात पाणीच जास्त आहे.

आधी मोजमाप

वजन किलोमध्ये घ्या. त्याला उंचीच्या (मीटरमध्ये) वर्गाने भागा. माझी उंची १.५५ मीटर, वजन ६८ किलो. १.५५ × १.५५ = २.४०. ६८ भागिले २.४० म्हणजे साधारण २८. आपल्या भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे स्थूलपणा धरतात. पाश्चात्त्य देशांपेक्षा ही मर्यादा कमी आहे, कारण आपल्याकडे कमी वजनातही पोटाभोवती चरबी साठते आणि मधुमेह लवकर गाठतो. म्हणून कंबरही मोजा. पुरुषांची ९० सेंमीच्या आत आणि बायकांची ८० सेंमीच्या आत हवी.

आता ध्येय किती ठेवायचं? २३ वर यायला मला जवळजवळ १३ किलो कमी करावे लागले असते. तो आकडा बघूनच माणूस सोडून देतो. पण डॉक्टरांनी समजावलं, की वजनाच्या पाच टक्के कमी झाले तरी साखर आणि रक्तदाब यांवर फरक दिसतो. ६८ चे पाच टक्के ३.४ होतात. मी चार किलो ठरवले.

दीक्षित की दिवेकर?

हा वाद तुमच्याही स्टाफरूममध्ये झाला असेलच. डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगतात : दिवसातून दोनदाच, खरी भूक लागेल तेव्हा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवा, मध्ये काही खाऊ नका आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. ही पद्धत मूळ डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवर आधारलेली आहे. ऋजुता दिवेकर सांगतात : उपाशी राहू नका, थोड्या थोड्या वेळाने खा, आपल्या मातीतलं आणि ऋतूप्रमाणे मिळणारं खा, तूप-भाताला घाबरू नका.

ऐकायला दोन्ही अगदी उलट. पण नीट पाहिलं तर एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे. बिस्किटं, फरसाण, पाकिटातले पदार्थ आणि गोड पेयं दोघांच्याही ताटात नाहीत. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरात झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. स्थूल असलेल्या १३९ जणांना वर्षभर कमी कॅलरींचा आहार दिला. त्यांतल्या निम्म्यांनी तो दिवसाच्या ठरावीक आठ तासांतच खाल्ला. वर्षाअखेर दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक आढळला नाही. म्हणजे घड्याळापेक्षा एकूण किती आणि काय खाल्लं, हे महत्त्वाचं. जी पद्धत तुम्हाला वर्षानुवर्षं पाळता येईल ती तुमची! मला शाळेच्या वेळेमुळे तीन वेळचं जेवण जमतं, मी तेच धरलं.

आता गणित

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. आणि पळण्याचा खर्च किती? ढोबळ नियम असा, की एक किलोमीटर पळताना दर किलो वजनामागे एक कॅलरी जाते. मी तीन किलोमीटर पळाले तर ६८ × ३ = २०४, म्हणजे दोनशे धरू. एका वडापावात साधारण तीनशे कॅलरी असतात. म्हणजे पळून आल्यावर स्टेशनबाहेर एक वडापाव खाल्ला की हिशेब उलटाच! पळणं खाण्याची भरपाई करत नाही, हे पहिल्यांदा मला कागदावर कळलं.

मग मी तीन गोष्टी केल्या :

१. दिवसाला चार कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. एका चमच्यात २० कॅलरी. कप दोनच ठेवले, कपाला एक चमचा. सहा चमचे वाचले, रोज १२०, आठवड्याला ८४०.

२. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल लागायचं. ते तीनवर आणलं. एका लिटर तेलात आठ हजारांवर कॅलरी असतात. प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला दोन हजार, आठवड्याला साधारण ४७० कमी.

३. आठवड्यातून तीन दिवस तीन-तीन किलोमीटर पळणं. ६००.

बेरीज १९१०. ७७०० ला १९१० ने भागा. जवळजवळ चार आठवड्यांत एक किलो! उपास नाही, पावडर नाही, पैसे नाहीत.

प्रत्यक्षात मला चार किलोंना चार नाही, सहा महिने लागले. गणपती आणि दिवाळी मध्ये आली. शिवाय वजन उतरलं की शरीराचा खर्चही थोडा कमी होतो आणि भूक वाढते, त्यामुळे वेग मंदावतो. उत्तर चुकलं नाही, उदाहरण थोडं अवघड होतं एवढंच.

ताट कसं असावं?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी नवी आहारसूत्रं दिली. त्यांत सांगितलं आहे, की दिवसाच्या एकूण ऊर्जेपैकी धान्यांतून ४५ टक्क्यांहून जास्त येऊ नये. आपल्या डब्यात काय असतं? चार पोळ्या आणि कोपऱ्यात बटाट्याची भाजी. धान्य भरपूर, प्रथिनं नावाला.

मी दोन पोळ्या कमी केल्या आणि त्या जागी वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण आणि भरपूर कोशिंबीर आणली. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. यासाठी बाहेरचं काही आणावं लागत नाही. मोहने-अटाळीच्या आगरी-कोळी घरांत तांदळाची भाकरी आणि मासळी आहे, घाटावरून आलेल्यांकडे ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकी आहे. मासळी तळण्याऐवजी कालवण करा आणि भाकरी मोजून घ्या. स्टाफरूममध्ये वाढदिवसाला समोशांऐवजी आता आम्ही चणे, पेरू, काकडी आणतो. पहिल्या वेळी सगळ्यांनी नाकं मुरडली. आता कोणी विचारत नाही.

पळायला कसं लागायचं?

पहिल्या दिवशी पळू नका, चाला. दोन आठवडे रोज अर्धा तास भरभर चालणं. अंगारकीला इथून टिटवाळ्याला चालत जाणारी माणसं आहेत, आपल्याला अर्धा तास जड नाही. मग एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दर आठवड्याला पळण्याचा वेळ थोडा वाढवा. सलग वीस मिनिटं पळायला मला अडीच महिने लागले.

वेग किती? पळताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. खर्च चांगल्या बुटांवर करा, टी-शर्टवर नको. दोन पळण्यांच्या मध्ये एक दिवस विश्रांती हवी, गुडघे आणि पोटऱ्या त्याच दिवशी सावरतात. रिक्षा आणि कुत्री सुरू व्हायच्या आधी पहाटे निघते, शेजारच्या एका ताई बरोबर असतात. एकटीने अंधारात जाऊ नका. पाऊस असेल तर घरात जिन्याच्या फेऱ्या.

सावधान

छातीत दुखत असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नका. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण कमी केलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. आणि काटा रोज पाहू नका, आठवड्यातून एकदा, एकाच वेळी.

पालकांसाठी खास

वाढत्या मुलांना डाएटवर ठेवू नका आणि "जाडी", "ढोल्या" असं घरातही म्हणू नका. वर्गात ते शब्द घरातूनच येतात. मुलांना खेळू द्या, डब्यात उसळ द्या आणि आपण स्वतः हलताना त्यांना दिसा.

आज माझं वजन ६४ आहे. पुस्तकाप्रमाणे अजूनही जास्तच. पण गेल्या तपासणीत साखर ९८ आली. चेन्नईत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर उपाय करून पाहिले होते. तिथे केवळ आहार आणि व्यायाम बदलल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, तेही वजनात फारसा फरक न पडता. म्हणून काट्याने दाद दिली नाही तरी चालणं सोडू नका.

यंदाच्या सरावात मी पूर्ण फेरी मारली. शेवटून दुसरी आले. ती मुलगी आता पाचवीत गेली, दुसऱ्या शाळेत. पण पाण्याची बाटली मी स्वतःच उचलली.

आजच रात्री आपल्या घरातली तेलाची आणि साखरेची बेरीज करून पाहा. मुलांनाच करायला सांगा. उदाहरण घरचंच आहे, लवकर समजेल.