उसाचे बिल आणि दवाखान्याचे बिल



'उसाचे बिल कधी जमा होणार?' हा प्रश्न कारखान्यात रोजच विचारला जातो. पण गेल्या हंगामात एका वृद्ध सभासदाने तो विचारला, तेव्हा आम्ही थबकलो. त्यांच्या नातवाला एका खाजगी दवाखान्यात ठेवले होते आणि अनामत भरल्याशिवाय शस्त्रक्रिया होणार नव्हती. 'मग सरकारी दवाखान्यात का नेलं नाही?' आम्ही सहज बोलून गेलो. ते म्हणाले, "साहेब, सरकारीत माणसं मरायलेत अन् खाजगीत घरं मरायलेत. जावं तर कुठं जावं?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

त्यांच्या बोलण्यातील पहिला भाग नांदेडकरांस समजावून सांगावयास नको. ३० सप्टेंबर व १ ऑक्टोबर २०२३ च्या चोवीस तासांत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बालके होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. औषधे व माणसे अपुरी पडली अशी तक्रार झाली, तर औषधांचा तुटवडा नव्हता असे शासन म्हणाले. मात्र शासनाने आणखी एक गोष्ट सांगितली : अनेक रुग्ण खाजगी दवाखान्यांतून अगदी शेवटच्या घटकेला तेथे पाठविलेले होते. म्हणजे ज्या सरकारी दवाखान्याला आपण नावे ठेवतो, तोच सर्वांचा शेवटचा आसरा आहे.

दुसरा भागही खोटा नाही. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया मोठ्या संख्येने झाल्याचे २०१९ साली उघड झाले. कोयता थांबू नये म्हणून बाया तयार झाल्या, आणि त्यांना खरे काय ते सांगणारे कुणी भेटले नाही. तरीही सगळेच खाजगी डॉक्टर एका मापाने मोजू नयेत. मध्यरात्री दार वाजविल्यावर उठतो तो बहुधा गावचा खाजगी डॉक्टरच. लातूरचे विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून उभे आहे, तेही सरकारी नव्हे.

मग मार्ग कोणता? इंग्लंडात ५ जुलै १९४८ पासून करांच्या पैशातून सर्वांना उपचार मिळतात. रांगा लागतात, पण बिलापायी शेत विकावे लागत नाही. आपल्याकडेही पैसे नाहीत म्हणून कुणी उपचाराविना राहू नये, असे भोर समितीने १९४६ मध्येच सांगून ठेवले. त्यातूनच पुढे प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. दुसरा मार्ग विम्याचा. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला नांदेड होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावे चालते. दीड लाखांचे संरक्षण आता पाच लाखांवर गेले आहे. पण यादीतला आजार आणि यादीतला दवाखाना असेल तरच कार्ड चालते. रोजच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात बसत नाहीत.

आमचे मत स्पष्ट आहे. कार्ड म्हणजे दवाखाना नव्हे. पाया सरकारी दवाखान्याचाच हवा, आणि त्यावर विम्याचे छप्पर. आडातच नसेल तर पोहऱ्यात कोठून येणार?

सहकारानेही हात झटकून चालणार नाही. लोणीस प्रवरेच्या मंडळींनी १९७६ साली रुग्णालय उभारले. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी २००३ मध्ये 'यशस्विनी' सुरू झाली तेव्हा वर्गणी महिना अवघी पाच रुपये होती. आपल्याला एवढ्यावर लगेच जाता येणार नसेल, तरी दोन गोष्टी येत्या सर्वसाधारण सभेत ठरविता येतील. एक, सभासदांची व ऊसतोड टोळ्यांची आरोग्य कार्डे नीट करून देणारा एक माणूस शेतकी विभागात बसवावा. दोन, आपल्या भागातील आरोग्य केंद्रात डॉक्टर व औषधे आहेत की नाहीत, याचा जाब संचालक मंडळाने दर तीन महिन्यांनी मागावा.

त्या सभासदाचा नातू बरा होऊन घरी आला. दीड एकर मात्र गहाण आहे. त्यांच्या घरी रेशनकार्ड होते. योजनेचे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. आम्हीसुद्धा नाही.