गेलेली डिस्क, अडलेला संगणक

संगणकात दोन डिस्क आहेत. एकीवर लिनक्स, दुसरीवर घरातले फोटो. एके दिवशी फोटोंची डिस्क बंद पडते. लिनक्सची डिस्क ठणठणीत, तरीही संगणक सुरू होत नाही. पडद्यावर एकच ओळ अडून राहते, शेजारी सेकंद मोजले जातात आणि दीड मिनिटाने ‘इमर्जन्सी मोड’ची सूचना येते. इथे धीर सोडून लिनक्स नव्याने टाकायला घेणारे पुष्कळ. तसं मुळीच करू नये!

अडथळा असतो ‘एफएसटॅब’ या छोट्याशा फाइलमध्ये. सुरू होताना कोणकोणते विभाग जोडायचे, त्याची ही यादी. प्रत्येक विभागाची ओळख सहसा यूयूआयडी या ३२ अंक-अक्षरांच्या क्रमांकावरून पटते. डिस्क गेली, पण यादीतली तिची ओळ तशीच राहिली. लिनक्स सुरू करून देणारं सिस्टमडी त्या क्रमांकाची ९० सेकंद वाट पाहतं आणि अडून बसतं. त्या ओळीच्या सुरुवातीला # टाकलं, की काम भागतं. फोटोंच्या डिस्कच्या ओळीत आधीच ‘नोफेल’ हा पर्याय लिहिलेला असेल, तर ही वेळच येत नाही.

इमर्जन्सी मोडमध्ये लागणारा रूटचा पासवर्ड नसेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून ती फाइल उघडता येते. डिस्कला हात न लावता चालणारं असं लिनक्स घरोघरी पोचवण्यात जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांच्या ‘नॉपिक्स’चा मोठा वाटा. ते आलं २००० साली.

कधी ग्रब हा बूटलोडरच गेलेल्या डिस्कवर असतो. जुन्या बायॉसच्या संगणकांत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांपैकी जेमतेम ४४६ बाइट बूटच्या कोडसाठी असतात, म्हणून ग्रबचा उरलेला भाग दुसरीकडे ठेवावा लागतो. तो भाग सापडला नाही, तर ‘ग्रब रेस्क्यू’ एवढंच दिसतं. मग लाइव्ह पेनड्राइव्हवरून चांगल्या डिस्कवर ग्रब पुन्हा बसवावा लागतो.

डिस्क पुरती गेलेली नसेल, टकटक आवाज करत थोडंफार वाचू देत असेल, तर मात्र आधी प्रत, मग दुरुस्ती. घाईने ‘एफएसचेक’ हा फाइल सिस्टम दुरुस्त करणारा प्रोग्राम चालवला, तर उरलासुरला डेटाही हातचा जाऊ शकतो. आंतोनियो दियाझ दियाझ यांचा ‘डीडीरेस्क्यू’ सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, खराब जागा टाळून पुढे जातो आणि कुठे काय राहिलं, ते एका फाइलमध्ये नोंदवतो. त्यामुळे काम मध्येच थांबवून डिस्क थंड होऊ देता येते, आणि नंतर जिथे सोडलं तिथूनच पुढे सुरू करता येतं. ‘एफएसचेक’ चालवायचा तो या प्रतीवर.